न थांबता, न धावता

भोर-वेल्ह्याकडची आयटीआय झालेली पोरं आता मशीन बसवायला व्हिएतनाम, थायलंड, इंडोनेशियापर्यंत जातात. निघण्याआधी त्यांतली काही माझ्याकडे येऊन बसतात. प्रश्न ठरलेले असतात : जेवणाचं काय, इंग्रजी चालतं का, भत्त्यातले किती सुटतात. मी जमेल तशी उत्तरं देतो. पण गर्दीच्या, अनोळखी शहरात पहिले चार दिवस वागायचं कसं, हे कुणीच विचारत नाही. मीही कुणाला विचारलं नव्हतं. पॅकिंग मशीनच्या सर्व्हिसमध्ये बरीच वर्षं काढल्यावर मला कळलंय ते एवढंच, की परक्या साइटवर माणूस टिकतो की नाही, हे बरंचसं तिथं ठरतं. मशीनचं ज्ञान लागतंच, पण ते पुरत नाही.

मी तोरण्याच्या पायथ्याच्या एका गावचा. तालुका वेल्हे, आता कागदोपत्री राजगड. भात, नाचणी, वरई एवढीच पिकं. पाऊस उदंड, जमीन थोडी आणि तीही उताराची. त्यामुळे घरटी एक माणूस मुंबईला, हा आमच्याकडचा जुना रिवाज. बरीच मंडळी माथाडीत होती. माझे वडीलही मशीदबंदरला धान्याच्या गोण्या वाहायचे. गावच्या माणसांनी मिळून घेतलेल्या एका खोलीत सगळे राहायचे. अंथरूण पाळीपाळीनं मिळायचं. १९६९ च्या माथाडी कायद्यानं या लोकांना बोर्ड, हजेरी, फंड मिळवून दिला, म्हणून अण्णासाहेब पाटलांचा फोटो आमच्या घरात देवांच्या रांगेत असायचा. पुढे धान्याचा बाजार वाशीला हलला आणि वडीलही तिकडे गेले.

शाळेत असताना मे महिन्याच्या सुट्टीत ते मला मुंबईला घेऊन गेले. मशीदबंदरच्या गल्लीत हातगाड्या, टेम्पो, गिऱ्हाईक, दलाल सगळे एकमेकांच्या अंगावर. वडील पाठीवर क्विंटलची गोणी घेऊन त्यातून पार निघून जायचे. संध्याकाळी मी विचारलं, धक्का कसा लागत नाही? ते म्हणाले, ‘‘वझं घेऊन थांबायचं नाही आन् पळायचं बी नाही. सरळ चालायचं. आपण कुठं चाललोय ते लोकांना दिसलं की लोक वाट देतात. मधीच थबकलास तर मागचा आदळतोय, पळालास तर पुढचा.’’ मला तेव्हा ते हमालीपुरतं वाटलं होतं.

भोरला एमआयडीसी येणार येणार म्हणता म्हणता आमची पिढी नीरा ओलांडून शिरवळच्या कारखान्यांत कामाला लागली. मी भोरच्या आयटीआयमधून फिटर होऊन बाहेर पडलो, पुढे मशीनच्या असेंब्लीत गेलो, तिथून सर्व्हिसला. एक दिवस साहेबांनी सांगितलं, सायगावला जायचंय, पासपोर्ट काढ. सायगाव म्हणजे हो ची मिन्ह सिटी. १९७६ पासूनचं अधिकृत नाव हे, पण तिथली माणसं बोलताना सायगावच म्हणतात.

तान सोन न्यात विमानतळ भर शहरात आहे. बाहेर पाऊल टाकलं की दमट हवा अंगाला चिकटते आणि समोर दुचाकींचा लोंढा. एका स्कूटरवर नवरा-बायको आणि दोन पोरं. एकीवर फ्रिज, एकीवर काचेचं तावदान, एकीवर कुंडीसकट झाड. पहिल्या अर्ध्या तासात मी मनात निकाल देऊन मोकळा झालो, की इथं शिस्त नाही. पण टॅक्सी सिग्नलला थांबली तसं एक लक्षात आलं : झाडून सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट होतं. १५ डिसेंबर २००७ पासून त्या देशात सगळ्या रस्त्यांवर हेल्मेट सक्तीचं झालं आणि लोकांनी ते घालायला सुरुवात केली. मी पुण्याच्या जिल्ह्यातला माणूस; हेल्मेटविरोधात मोर्चे निघालेले पाहिलेला. बेशिस्त कोण, याचा हिशेब पुन्हा मांडावा लागणार हे तेव्हाच कळलं.

राहायची जागा एजंटानं ठरवली होती. तो न्यायला यायचा होता, आला नाही. हातात एक कागद आणि त्यावर पत्ता : ७२/१५/४ आणि रस्त्याचं नाव. टॅक्सीवाल्यानं गल्लीच्या तोंडाशी सोडलं, पुढे गाडी जात नाही अशी खूण केली आणि गेला. मी टूलबॉक्स आणि बॅग घेऊन ७२ नंबरचं घर शोधतोय, आणि तिथं घरच नाही, बोळ आहे. दारात भाजी निवडत बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईनं कागद मागून घेतला. पहिल्या आकड्यावर बोट ठेवलं आणि बोळाकडे दाखवलं. दुसऱ्या आकड्यावर बोट ठेवलं आणि आत डावीकडे हात केला. तिसऱ्यावर बोट ठेवून चार बोटं दाखवली. रस्त्यावरचा बहात्तर क्रमांकाचा बोळ, त्यातला पंधराव्या क्रमांकाचा पोटबोळ, त्यातलं चार नंबरचं घर. शहरातल्या बोळांमधले पत्ते असेच आहेत. बाहेरून बघणाऱ्याला वारूळ वाटावं अशी वस्ती, पण आकडे वाचता आले की शेंबडं पोरही नेमक्या दारात नेऊन सोडेल. त्या बाईंना मी पुढे रोज येता-जाता हात जोडायचो. आठवड्याभरात त्या माझी वेळ ओळखायला लागल्या. उशीर झाला तर मनगटावर बोट आपटून दाखवायच्या.

रस्ता ओलांडणं ही तिथं येणाऱ्या प्रत्येकाची पहिली परीक्षा. झेब्रा पट्ट्यावर उभं राहून कुणी थांबेल याची वाट बघत बसलात, तर संध्याकाळ होईल. कारखान्यातल्या स्टोअरच्या बाईंनी मला दुसऱ्या दिवशी शिकवलं. माझं मनगट धरलं, लोंढ्याकडे एकदा बघितलं आणि चालायला लागल्या. वेग एकच. दुचाक्या आमच्या पुढून, मागून सरकत होत्या, पण एकानंही करकचून ब्रेक दाबला नाही. मी घाबरून मागे पाऊल घेतलं, तसं त्यांनी हात आवळला. पलीकडे पोचल्यावर मला मशीदबंदर आठवलं. वडिलांचा नियम शब्दशः हाच होता. चालवणारा लांबूनच अंदाज बांधतो, की हा माणूस अजून दोन सेकंदांनी कुठं असेल, आणि त्याप्रमाणे गाडी वळवतो. तुम्ही थबकलात किंवा धावलात, की त्याचा अंदाज चुकतो आणि अपघात होतो. मात्र हे दुचाकीपुरतं. बस आणि ट्रकला वळायला जागा नसते. त्यांना आधी जाऊ द्यायचं. वाट देणाऱ्याला वाट देणं शक्य आहे का, हे चालणाऱ्यानंच पाहायचं असतं.

पुढे जे जे शिकलो, ते या एका गोष्टीच्या भोवतीच फिरत राहिलं.

कारखान्यात इन्स्टंट कॉफीच्या छोट्या पुड्या भरायचं मशीन लावायचं होतं. फिल्मचा रोल, तिची नळी करणारा कॉलर, आडवे-उभे सीलिंग जॉ आणि वरून मापात पावडर सोडणारा ऑगर. शिरवळला ट्रायलला ते घड्याळासारखं चाललं होतं. तिथं जोडलं तर पहिल्यांदा मोटर उलटी फिरली. फेजचा क्रम वेगळा, दोन वायरी बदलून ते सुटलं. मग सील धरेना. आमचे हीटर ४१५ व्होल्टचा हिशेब धरून बसवलेले, तिथली थ्री फेज लाइन ३८० ची. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे उतरते, म्हणजे जवळजवळ सोळा टक्के कमी. स्पीड वाढवला की जॉ थंड पडायचे. हेही निस्तरलं. पण खरा ताप दमट हवेनं दिला. कॉफीची पावडर हवेतलं पाणी ओढते. हॉपरमध्ये गुठळ्या, वजनात फरक, आणि सीलच्या जागी पावडर चिकटून पुडी गळकी. हॉपर झाकून घेतला, आत कोरडी हवा सोडली, खोलीत डीह्युमिडिफायर लावायला लावला, तेव्हा कुठं पुड्या सरळ निघायला लागल्या.

मशीनवर चार मुली ऑपरेटर होत्या. मला व्हिएतनामी येत नव्हतं, त्यांना इंग्रजी अगदी जेमतेम. मी एक पद्धत ठेवली : मशीन सुरू करण्याआधी उजवा हात वर करायचा, चौघींनी माझ्याकडे बघितलं की नाही हे पाहायचं, मगच बटण. घाई असली तरी हात वर. पहिले दोन दिवस त्या मशीनपासून हातभर लांब उभ्या राहायच्या, कारण ते कधी अडकेल, मी कधी चालू करीन, याचा भरवसा नव्हता. मशीन एका लयीत चालायला लागलं, माझा हात दर वेळी वर जाताना दिसला, तशा त्या जवळ आल्या. जवळ आल्यावर त्यांनी मला एक गोष्ट दाखवली, जी मॅन्युअलमध्ये नव्हती. रोल बदलताना फिल्मची जोडपट्टी त्या तिरकी लावायच्या. मग जोड जॉमध्ये अडकत नाही. मी ते शिरवळला येऊन आमच्या असेंब्लीत सांगितलं.

सायगावच्या त्या कारखान्यातली पाळी साडेसातला सुरू होते, साडेअकराला जेवण. जेवण आटोपलं की बारा वाजता हॉलमधले दिवे बंद. मॅनेजरपासून हेल्परपर्यंत सगळे आडवे : कुणी पुठ्ठ्यावर, कुणी चटईवर, कुणी टेबलाखाली. अंधारात मी एकटा स्पॅनर घेऊन उभा. स्टोअरच्या बाईंनी मला एक पुठ्ठा आणून दिला आणि गालाखाली हात ठेवून झोपायची खूण केली. एक वाजता दिवे लागले, तेव्हा सगळे ताजेतवाने आणि मी पेंगुळलेला. ट्रायल कधीही बाराच्या आसपास ठेवायची नाही, हे मी माझ्या वहीत लिहून घेतलं. नव्या शहराचा नकाशा फोनवर मिळतो. वेळापत्रक मात्र माणसांसोबत जेवल्याशिवाय मिळत नाही.

जेवणाचीच गोष्ट निघाली म्हणून सांगतो. मी माळकरी घरातला. मासळीच्या सॉसचा वास पहिल्यांदा इतका डोक्यात गेला, की दोन दिवस केळी आणि घरून नेलेले शेंगदाण्याचे लाडू यांवर काढले. मग कळलं, की तिथल्या चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला, पुष्कळ माणसं शाकाहार पाळतात. त्यासाठी कोपऱ्याकोपऱ्यावर ‘कोम चाय’च्या, म्हणजे शाकाहारी भाताच्या गाड्या आणि छोटी दुकानं आहेत. एका दुकानात मी रोज संध्याकाळी सातला जायला लागलो. त्याच प्लास्टिकच्या बुटक्या स्टुलावर बसायचं, तोच भात, टोफू आणि पालेभाजी. मालकीणबाईंनी चौथ्या दिवशी न विचारता मिरची जास्त दिली. ओळख व्हायला गप्पा माराव्या लागतातच असं नाही. रोज त्याच वेळेला यावं लागतं.

पहिल्या भेटीतच प्रत्येक जण वय विचारायचा. मला ते चोंबडेपणाचं वाटलं होतं. पण समोरचा थोरला की धाकटा हे कळल्याखेरीज त्यांना बोलायला सुरुवातच करता येत नाही. आमच्याकडे एसटीत शेजारी बसलेला माणूस मार्गासनी सुटायच्या आत ‘कुठलं गाव, कुणाच्यातलं’ विचारून मोकळा होतो, त्यातलाच प्रकार. एकदा जागा ठरली की पुढचं सगळं सोपं.

वेल्ह्याच्या माणसाला पावसाचं कौतुक कुणी सांगू नये. आमच्याकडे आषाढात धरला की आठवडा आठवडा उघडत नाही, तोरणा दिसत नाही. सायगावचा पाऊस वेगळा. दुपारी आभाळ काळं होतं, तासभर फोडून काढतं आणि निघून जातं. पहिला थेंब पडला की दुचाकीवाले कडेला घेतात, सीटखालून रेनकोट काढतात. त्याला पुढच्या दिव्यासाठी पारदर्शक तुकडा आणि मागे बसणाऱ्यासाठी दुसरं टोपरं. दोन मिनिटांत लोंढा पुन्हा चालू. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मात्र मी चकित झालो : आभाळ स्वच्छ आणि रस्त्यावर घोटाभर पाणी. समुद्राच्या मोठ्या भरतीनं सायगाव नदी गटारांतून वर येते. शेजारच्या बाईंकडे भरतीच्या तारखा कॅलेंडरवर खुणा करून ठेवलेल्या होत्या. त्या दिवशी त्या स्कूटर आधीच उंचावर लावायच्या.

आता एक आमच्याकडच्या लोकांसाठी खास. निघताना गावातल्या प्रत्येकानं बजावलं होतं, की व्हिएतनाममध्ये शिवाजी महाराजांचा पुतळा आहे, महाराजांचा आदर्श घेऊनच त्यांनी अमेरिकेला हरवलं, फोटो काढून आण. हा मजकूर महाराष्ट्रात सगळ्यांच्या फोनवर फिरलेला आहे. मी कारखान्यात विचारलं, घरमालकाला विचारलं, एका निवृत्त शिक्षकांना विचारलं. कुणाला काही ठाऊक नव्हतं, आणि मलाही तसा पुतळा कुठं दिसला नाही. गावी आल्यावर हे सांगितलं तर दोघं-तिघं माझ्यावरच रागावले. पण त्या विचारपुशीतून वेगळंच काही हाताला लागलं. एका रविवारी कारखान्यातली पोरं मला कू चीची भुयारं दाखवायला घेऊन गेली. दोनशे किलोमीटरहून लांब पसरलेलं जाळं, त्यात युद्धाच्या काळात माणसं राहत होती. येताना मी त्यांना फोनवर राजगड दाखवला : सुवेळा, संजीवनी, पद्मावती या तीन माच्या आणि मध्ये बालेकिल्ला. रायगडाच्या आधीची ही राजधानी, आणि मी तिथून जवळच राहतो. त्यांनी इतिहास विचारला नाही. विचारलं, एवढ्या उंचावर पाणी कुठून? मी पद्मावती तळं आणि खडकात खोदलेली टाकी दाखवली. मग धान्य कसं चढवायचे, हा प्रश्न. भुयारात राहिलेल्यांच्या नातवंडांनी गडाला नेमके तेच प्रश्न विचारले, जे आम्ही पायथ्याला राहून कधी विचारले नव्हते.

बँकॉक आणि जकार्ताही कामानं झाली. बँकॉकला सेन सेप कालव्यातली प्रवासी बोट धक्क्याला जेमतेम टेकते. उतरणारे उतरतात, चढणारे चढतात, दोर सुटतो. तिथंही घुटमळणारा अडचण करतो आणि उडी मारणाराही. जकार्ताच्या रहदारीत पोचायची वेळ सांगणं अवघड, म्हणून तिथल्या मॅनेजरला मी निघाल्यावर एक आणि निम्म्या वाटेवर एक असा निरोप धाडायचो. त्याला उशिराचं काही वाटायचं नाही. माणूस कुठं आहे हे कळलं की पुरे. सायगावला तर आता मेट्रोही आली, डिसेंबर २०२४ मध्ये, आणि जुलै २०२५ मध्ये शेजारचे दोन प्रांत शहराला जोडले गेले. माझ्या मशीनचा कारखाना आधी शहराबाहेर होता, तो बसल्या जागी शहरात आला.

सगळंच गोड होतं असं नाही. मी गेलो पैशासाठी. भत्ता वाचवून घरावर स्लॅब टाकला, धाकट्या भावाचं कर्ज फेडलं. त्यासाठी लावणीच्या दिवसांत घरात नव्हतो. बायको आणि आई चिखलात, आणि मी एसीच्या हॉलमध्ये पुड्यांची वजनं घेतोय. वडील गेल्यावर मला पोचायला उशीर झाला. रात्री खोलीत एकट्यानं बसून स्वतःशी मोठ्यानं मराठी बोललोय. हे पोरांना सांगतो, कारण भत्त्याच्या आकड्यात हे धरलेलं नसतं.

आमच्यातला एक फार हुशार गडी परक्या साइटवर टिकला नाही. मशीन त्याला माझ्याहून जास्त कळायचं. पण तो रोज वेगळ्या ठिकाणी जेवायचा, प्रत्येक ठिकाणी घासाघीस करायचा, कधी नऊला यायचा तर कधी सहाला. लोक वाईट नव्हते आणि तोही नव्हता. त्यांना त्याचा अंदाजच येईना, म्हणून कुणी जवळ आलं नाही, आणि एकट्यानं माणूस आधी चिडतो, मग परततो. दुसरा एक, इंग्रजीचं वाक्य धड न येणारा, त्याला सोडायला अख्खी पाळी गेटपर्यंत आली. तो रोज सात वीसला गेटवर हजर असायचा, वॉचमनला नमस्कार करायचा आणि जे करणार ते आधी दाखवायचा.

हल्ली मी जास्त करून शिरवळलाच असतो. आता स्टँडवर पाठीला बॅग लावून उतरणारी पोरं बिहार, ओडिशा, झारखंडची. हातात एक फोन नंबर, ठेकेदार आलेला नाही, आणि डोळ्यांत तोच निकाल, की इथं सगळा गोंधळ आहे. नव्या माणसानं सरळ चालावं हे खरं, पण रस्त्यावरच्यांनी त्याच्याकडे बघायलाही हवं. नाहीतर सरळ चालूनही धक्काच लागतो. मशीदबंदरच्या गर्दीनं वडिलांना बघितलं, सायगावच्या बाईंनी माझा कागद वाचला. म्हणून आमच्या शॉपमध्ये मी एक शिरस्ता पाडला आहे. नवा पोरगा आला की पहिल्या दिवशी त्याला मशीनवर उभं करायचं नाही. एक जुना माणूस त्याला जेवायला सोबत नेतो, मेस कुठली, भोरकडची शेवटची गाडी कितीची, पाणी किती वाजता येतं, रविवारी किराणा कुठं मिळतो, हे सांगतो आणि त्याच्या खोलीचा पत्ता स्वतःच्या वहीत लिहून घेतो. सुपरवायझर कुरकुरतात, की अर्धा दिवस वाया जातो. मी त्यांना म्हणतो, पहिल्या दिवशी हात वर करून बघितलं नाही, तर बटण दाबायचा हक्क आपल्याला नाही.